वसंतातली परसबाग आणि पाण्याचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परसबागेवर मी चार शब्द बोलावेत असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. भाषणाची मला सवय नाही. शिवाय माझ्यापेक्षा चांगल्या बागा करणाऱ्या निदान पाच-सहाजणी आज माझ्या समोरच बसल्या आहेत. परंतु "स्पर्धेत पहिले बक्षीस घेतलेत, मग आता सांगायला का नको?" असे त्या म्हणाल्या आणि माझे तोंड बंद झाले. ते बक्षीस २०१९ सालचे. त्या बक्षिसाविषयीच मला काही सांगावयाचे आहे. पण ते जरा मागाहून सांगते. आधी बागेकडे वळू.

संक्रांत झाली. सुगडे अजून तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात कुठेतरी कोपऱ्यात पडली असतील. ती टाकून देऊ नका, त्यांचे काम आहे. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे चालतील, वसंतपंचमी येईल, आणि हवा अशी सुंदर असेल की ज्या बाईला दोन हात मोकळी जागा आहे तिला वाटेल, आता बाग करावी. थंडी ओसरत असते, ऊन अंगावर घ्यावेसे वाटते, विहिरींना पाणी असते, नळही धड चालत असतो. या दिवसांत बी पेरायला कोणालाही उत्साह वाटेल. गोची अशी आहे की आपण बेत आखतो माघात, आणि ती बाग जगवावी लागते चैत्रात.

बागेवरची इंग्रजी पुस्तके पुष्कळजणी वाचतात. चित्रे सुरेख असतात. पण त्या पुस्तकांतला वसंत बर्फ वितळल्यावर येतो. तिकडे त्या वेळी जमीन ओलीगच्च असते, दिवस मोठा होत जातो आणि पुढे सौम्य उन्हाळा असतो. म्हणून तिकडची गृहिणी वसंतात हात मोकळा सोडून पेरते, ते बरोबरच आहे. आपल्याकडे पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख; म्हणजे देशावरचे सर्वांत कडक दोन महिने. आपला खरा मोकळ्या हाताने पेरण्याचा काळ आषाढ-श्रावणाचा आणि मग दिवाळीच्या आधीचा. वसंताची बाग आपल्याकडे हात आखडूनच करायची असते, हे मला साठी उलटल्यावर समजले. आणि तेही पुस्तकातून समजले नाही.

आता ते बक्षीस.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, हे आपणा सर्वांना आठवत असेल. तरी जानेवारीत आमच्या हौदाला पाणी होते, आणि मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. मागच्या अंगणातला वीस फूट बाय वीस फुटांचा तुकडा मी पूर्ण खणून घेतला. टोमॅटो, वांगी, मिरची, भोपळी मिरची, भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारले, पडवळ, पालक, माठ, मेथी, कोथिंबीर, मुळा, पुदिना… मोजून बावीस प्रकार लावले. पाडव्याच्या आधल्या आठवड्यात मंडळाच्या परीक्षक बाई आल्या, त्यांनी फिरून पाहिले, "दुष्काळात असली हिरवीगार बाग!" म्हणून तोंडभर कौतुक केले. त्या वर्षीच्या स्मरणिकेत फोटोही छापला आहे. हातात झारी धरून पडवळाच्या मांडवाखाली मी उभी आहे, आणि चांगली हसते आहे.

फेब्रुवारीअखेरीस गावात तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागले होते. नळीने झाडांना पाणी घालायला मनाई झाली होती. हौद आमच्या घराच्या पुढल्या बाजूला आणि बाग मागे. पाणी नेण्याचे काम घरात आपोआप सूनबाईकडे गेले. कसे गेले हे मला आजही सांगता येणार नाही. कोणी तिला सांगितले नाही. पहाटे ती उठते, पाणी नेऊन मागच्या पिंपात ओतते. मग मी साडेसहाला चहा घेऊन झारी घेऊन बागेत जाते, असा परिपाठ पडला. तिला साडेआठला नोकरीवर निघावे लागे.

पाडव्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. मला पहाटे जाग आली आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर मागचे दार उघडे. सूनबाई अंधारात पायरीवर बसली होती. बादली बाजूला, एक हात कमरेवर.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई. जरा दम घेते."

"कितवी बादली?"

"अकरावी."

"अजून किती?"

"तीन."

चौदा बादल्या! माझ्या कल्पनेत पाच-सहा होत्या. मी म्हटले, "अगं, मग सांगायचं नाही का?" त्यावर ती म्हणाली, "तुम्हांला बागेचं इतकं वेड. झारी तुम्ही धरता, बादल्या मी आणते, एवढंच." हे ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मी उलट काहीतरी बोलले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते.

पंधरा लिटरच्या चौदा बादल्या, म्हणजे २१० लिटर पाणी, रोज, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. तिची कंबर त्यानंतर दोन महिने धरलेली होती.

त्या सकाळी ऊन वर येण्यापूर्वी मी बागेचे दोन हिस्से उपटून टाकले. टोमॅटोला हिरवी फळे धरली होती, पडवळ फुलावर होते. शेजारच्या बाई भिंतीवरून पाहत होत्या. त्यांना वाटले, घरात काहीतरी भांडण झाले. भेंडी, गवार, एक दुधी आणि मोरीजवळचा अळू एवढेच मी ठेवले. पडवळाचा वेल ओढून काढताना मला रडू आले, हे कबूल करते. बक्षीस परत करावे असेही मनात आले, पण तेवढा धीर झाला नाही. म्हणून आज हे सांगून टाकले.

त्यानंतर मी पहिल्यांदा हिशेब मांडला. तोच आज तुम्हांला द्यायचा आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे त्या जागेला एक लिटर पाणी मिळाले. देशावर चैत्र-वैशाखात उघड्यावरच्या भाजीला रोज साधारण पाच ते सहा मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे दर चौरस मीटरला पाच ते सहा लिटर. माझा वीस बाय वीसचा तुकडा म्हणजे ३७ चौरस मीटर. गुणाकार करून पाहा, बरोबर चौदा बादल्या येतात. जानेवारीत मी हा गुणाकार केला असता तर कागदावर पाच मिनिटे लागली असती.

म्हणून माझी विनंती अशी, की बी आणण्यापूर्वी, वाफा खणण्यापूर्वी, तीन दिवस फक्त पाणी मोजा. मोरीजवळ एक बादली ठेवा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी, पिण्याचा हंडा रोज विसळतो ते पाणी, भांड्यांचे साबण निघून गेल्यानंतरचे शेवटचे विसळणे, एवढे सगळे त्यात ओतावे. आमच्या पाच माणसांच्या घरात दिवसाकाठी अडीच बादल्या भरल्या, म्हणजे सदतीस लिटरच्या आसपास. याला साडेपाचाने भागले की पावणेसात चौरस मीटर येतात. म्हणजे सुमारे सात फूट बाय दहा फूट. आमची वसंतातली बाग तेवढीच. तुमच्याकडे एक बादली निघाली, तर पाच फूट बाय सहा फुटांची करावी. त्यात कमीपणा काही नाही. जागा किती आहे हे विचारायचेच नाही. पाणी किती आहे, आणि ते कोणाच्या हातून बागेत जाणार आहे, एवढे विचारायचे.

यातही थोडे तारतम्य हवे. भांड्यांचे पहिले साबणाचे पाणी आणि कपड्यांच्या पावडरीचे पाणी भाजीला घालू नये. त्यातल्या क्षारांनी माती हळूहळू घट्ट होते. ते कर्दळीला सोडावे. मीठ घालून काही उकडले असेल तर तेही पाणी नको. हल्ली घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आहेत. त्यांच्या नळीतून वाया जाणारे पाणी दिसायला स्वच्छ असते, पण क्षार त्यातच जमा झालेले असतात. त्याने फरशी पुसावी. आणि कोथिंबीर-पुदिन्यासारखे जे आपण कच्चे खातो, त्यावर धुण्या-विसळण्याचे पाणी शिंपडू नये. त्यांच्या वाट्याला स्वच्छ तांब्याभर द्यावे.

हा हिशेब मी नव्याने शोधला, असे मला त्या वेळी वाटले होते. मग आठवले, की माझ्या आईने तो कधीच केला होता. माझे माहेर माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांची होते. लोक खडी फोडायला जात, कामावर सुकडी मिळे, आणि घरात लाल मिलोच्या भाकरी होत. त्या भाकरीची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना ती सांगावी लागत नाही. आईचा परसू एरवी भरलेला असे. त्या वर्षी तिने सगळे जाऊ दिले आणि लाल भोपळ्याचा एकच वेल ठेवला. त्या वेलाच्या आळ्याशी पाट मांडून ती आम्हां भावंडांना अंघोळ घाली. तांब्या-दीड तांब्या पाणी, साबण नाहीच. आमच्या अंगावरून गेलेले पाणी वेलाला. त्या वेलाच्या कोवळ्या पानांची भाजी झाली, फुलांची झाली, आणि तीन भोपळे निघाले. आई पाणी किती लांबून आणत होती हे मला ठाऊक होते, कारण मी बरोबर जात असे. पण ती वेल एकच का ठेवते हे विचारावे, असे काही मला सुचले नाही.

असो. आता काय लावावे याकडे येते.

पाणी मोजून झाल्यावर ऊन पाहावे. इथे पुष्कळजणींची फसगत होते. पौष-माघात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेला भिंतीची लांब सावली पडते आणि आपल्याला वाटते, ही गारव्याची जागा, इथे कोथिंबीर लावू. चैत्र-वैशाखात सूर्य वर येतो. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे तो भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. म्हणजे जानेवारीतली सावली मेमध्ये तिथे नसते. उन्हाळ्यात उपयोगी पडते ती पश्चिमेकडची सावली, दुपारी तीननंतरची. पश्चिमेला झाड किंवा भिंत नसेल तर त्या बाजूला वेलाचा मांडव करावा, आणि त्याच्या पूर्वेला नाजूक वाफा घ्यावा. दुधी आपल्याला भाजी देते आणि शेजाऱ्याला सावली.

वेलांची बी माघाच्या सुरुवातीलाच लावून टाकावी. दुधी, दोडका, काकडी, लाल भोपळा, कारले यांना नर फुले आणि मादी फुले वेगळी असतात. दिवस मोठा आणि हवा तापलेली असली की नर फुले फार येतात. "नुसती फुलेच पडतात हो, भोपळा धरत नाही," अशी तक्रार दर उन्हाळ्यात कानावर येते, त्याचे हे एक कारण. फुलाच्या खाली इवलेसे फळ दिसले तर ती मादी. नुसता देठ असला तर नर. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला हलक्या हाताने लावावे. लाल भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, म्हणून त्याचे काम सकाळी. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्याकडे दिवेलागणीला जावे. घोसाळे मात्र सकाळचे. माझी नात या कामात फार तरबेज झाली आहे. पण वेल दोनच लावावेत, एक मांडवावर आणि एक कुंपणावर. पाण्याची ओढ बसली की काकडी कडू होते, आणि दुधी कधी कडू लागला तर तो टाकूनच द्यावा. त्याचा रस तर मुळीच घेऊ नये, त्याने माणसे गंभीर आजारी पडली आहेत.

भेंडी ही वसंताच्या बागेची खरी मालकीण. बी रात्रभर भिजवून वसंतपंचमीच्या सुमारास टोकावी, दोन ओळींत दीड फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर ठेवावे. थंडी रेंगाळली तर उगवायला आठ-दहा दिवस घेते, घाबरू नये. रंगपंचमी ते पाडवा या दरम्यान पहिली भेंडी हाताला येते. वीस झाडे पुरेत. आमच्याकडे वीस झाडांतून एक दिवसाआड पाव किलोच्या जवळपास निघते. रोज किंवा एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाही तर ती राठ होते आणि झाडाला वाटते आपले काम संपले. पानांच्या शिरा पिवळ्याधमक दिसू लागल्या तर तो हळद्या. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. असे झाड दया न दाखवता उपटावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही जात या रोगाला पुष्कळ तोंड देते, म्हणून मी वर्षानुवर्षे तीच लावते.

गवारीबद्दल काय बोलावे! ती कमी पाण्याची, खोल मुळांची, गरिबीत वाढलेल्या मुलीसारखी आहे. कौतुक कोणी करत नाही आणि काम सर्वांत जास्त तीच करते. एक ओळ गवार प्रत्येकीने लावावी. चवळीही तशीच, तिच्या शेंगा आणि पाला दोन्ही चालतात. पालेभाज्यांत उन्हाळ्याला माठ आणि तांदुळजा. पालक-मेथीचा हट्ट धरू नये, त्या थंडीच्या पोरी आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, त्यामुळे ज्यांनी पौषात बी टाकले नाही त्यांनी रोपे विकत आणावीत; पण तीन मिरच्यांची आणि दोन वांग्यांची झाडे याहून अधिक नको. आमच्याकडे वांगे मांजरी गोट्याचे, भरल्या वांग्याला दुसरे चालत नाही.

आता मसाल्याच्या आणि औषधी पानांचे पाहू, कारण त्यांच्यावरून मला प्रश्न फार येतात. गवती चहाचा एक ठोंब, पानओव्याची एक फांदी, कढीलिंब, तुळस, ही मंडळी थोड्या पाण्यावर उन्हाळा काढतात. पुदिन्याला सावली आणि ओल हवी. मागच्या नळाखाली थेंब-थेंब गळते तिथे तो खुशाल वाढतो. आले-हळद मात्र आता लावू नये. त्यांची वेळ अक्षय्य तृतीयेपासून पुढे. पावसाच्या तोंडावर ती कोंब धरतात आणि पाण्याची चिंता आकाशाकडे जाते.

राहिली कोथिंबीर. चैत्रात तिचा भाव चढतो, म्हणून प्रत्येकीला ती तेव्हाच घरी हवी असते. आणि तेव्हाच ती सर्वांत रडवते. ऊन तापले की पाने धरण्याऐवजी सरळ फुलावर जाते. चार बादल्या पाणी घालून चार काड्या काढण्यात मला राम वाटत नाही. ती बाजारातून आणावी. परंतु चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीच्या डाळीवर घरची कोथिंबीर पेरली की मन सुखावते, हे मलाही ठाऊक आहे. त्यासाठी एक जुनी पसरट कुंडी किंवा फुटकी परात घ्यावी. धणे रगडून त्यांची दोन दले वेगळी करावी, एक रात्र भिजवावे आणि महाशिवरात्रीला पेरावे. पश्चिमेची सावली आणि स्वच्छ पाणी दिले तर रामनवमीच्या सुमारास ती काढता येते. एका डाळीपुरती एक परात. त्यापलीकडे लोभ नको.

पाणी वाचवण्याच्या युक्त्या आपणा सर्वांना ठाऊक आहेत, दोनच सांगते. पहिली पाचोळ्याची. वाफ्यावर चार बोटे जाडीचा वाळला पाला, गवत किंवा उसाचे पाचट पसरावे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे पालापाचोळ्याची किंमत घरोघर समजावली. तरीही आपल्या गल्लीत दर सकाळी पाचोळा जाळलेला दिसतोच. पाचोळ्यामुळे पाणी कमी लागते. तरी हिशेब मात्र पाचोळ्यावाचूनचा धरावा, म्हणजे अंगाशी येत नाही.

दुसरी युक्ती मडक्याची. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ती सांगितलेली आहे. कच्च्या अंगाचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि तोंडावर झाकण ठेवायचे. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपते आणि मुळे ते शोधत येतात. वर ऊन लागून वाफ होण्याचा प्रश्न नाही. संक्रांतीची सुगडे मी मघाशी राखून ठेवायला सांगितली ती यासाठीच. रंग दिलेली नकोत, साधी मातीची घ्यावीत. मिरचीच्या एकेका झाडाजवळ एकेक सुगड छान बसते. भेंडीच्या ओळीत तीन-चार झाडांमध्ये एक. वेलाला मोठे मडके लागते.

यात मी एकदा फसले. माठ गार होईनासा झाला म्हणून तो दुधीजवळ पुरला. आठ दिवस पाणी होते तसेच! विचार केल्यावर उलगडा झाला. माठ गार का होत नाही, तर त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. जो माठ पाझरत नाही तो पिण्याला गार करणार नाही आणि झाडालाही पाणी देणार नाही. वर त्यात डासांची पिल्ले झाली ती निराळीच, कारण झाकण ठेवायला मी विसरले होते. तेव्हा मडके नवे घ्यावे आणि झाकणी विसरू नये.

ज्या भगिनी इमारतींत राहतात त्यांच्यासाठी वेगळे फारसे काही नाही. कुंडी चारी बाजूंनी तापते, म्हणून तिला जमिनीपेक्षा जास्त पाणी लागते. काळ्या प्लॅस्टिकची असेल तर तिला पोत्याचा तुकडा गुंडाळावा. पाच-सहा कुंड्यांवर थांबावे. आणि मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी किंवा गावी जाणार असाल, तर कुंड्यांना पाणी कोण घालणार हे माघातच ठरवावे. शेजारणीच्या गळ्यात आयत्या वेळी किल्ली घालू नये.

आमच्या घरची आजची व्यवस्था विचाराल तर सांगते. सात फूट बाय दहा फुटांची बाग. वीस भेंड्या, गवारीची एक ओळ, दोन वेल, तीन मिरच्या, दोन वांगी, माठाचा एक छोटा वाफा आणि कडेला पाने. मोरीजवळच्या बादल्या भरल्या की ज्याच्या दृष्टीस पडतील त्याने नेऊन ओतायच्या. पहिले काही दिवस त्या फक्त बायकांच्याच दृष्टीस पडत होत्या. मग सूनबाईने दाराला कागद लावला, वार आणि नावे लिहून. सोमवार-गुरुवार चिरंजीवांचे, मंगळवार-शुक्रवार तिचे, बुधवार नातीचा. शनिवार-रविवार माझे, पण मला अर्धीच बादली उचलायची परवानगी आहे. चिरंजीवांनाही कंबर आहे हे त्यांना आणि मला दोघांनाही नव्याने समजले.

गेल्या वर्षी परीक्षक बाई पुन्हा आल्या होत्या. "बाग लहान केलीत की हो," असे त्या म्हणाल्या. बक्षीस दुसरीकडे गेले, आणि ते योग्य घरीच गेले. त्या बाईंच्या दारात विहीर आहे आणि त्यांचे यजमान स्वतः पाणी शेंदतात. यंदा स्पर्धेच्या समितीपुढे माझी एक सूचना आहे. गुण देण्याच्या कागदावर भाज्यांचे प्रकार, टवटवी, नीटनेटकेपणा असे रकाने आहेत; त्यात आणखी एक रकाना घालावा, पाणी किती आणि ते आणते कोण. ही सूचना मी लेखी दिली आहे. समितीने विचार करावा.

वेळ झाल्याची खूण चिटणीसबाई करत आहेत. भेंडीचे बी मी घरचे आणले आहे. दाराजवळच्या टेबलावर पुड्या ठेवल्या आहेत. सूनबाईने त्या काल रात्री बसून बांधल्या, एकेका पुडीत मोजून पंचवीस बिया, कारण पाच उगवणार नाहीत असे धरले आहे. प्रत्येकीने एकच घ्यावी. दोन मागाल तर ती तिथेच बसली आहे, ती पाण्याचा हिशेब विचारील.